गार इंजिन

माझ्या उजव्या हाताची उलटी बाजू माहेरी प्रसिद्ध आहे. हसू नका. मांजरी गावात आमच्या वडिलांचं, आबांचं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि शाळा सुटली की मी तिथेच बसायचे. दादा शेतात असायचा. त्यामुळे वडिलांनी जे शिकवलं ते मला शिकवलं, त्याला नाही. जुना ट्रॅक्टर बघायला जायचं तर न सांगता, सकाळी सकाळी जायचं. सेल्फ मारायच्या आधी बॉनेट उघडायचं आणि इंजिनच्या ब्लॉकला उलटा हात लावायचा, लेकराचा ताप बघतात तसा. गार लागला तर पुढचं बोलणं. कोमट लागला तर चहालासुद्धा थांबायचं नाही. डिझेल इंजिन आतून कितीही झिजलेलं असो, एकदा तापलं की शहाण्यासारखं पटकन चालू होतं. त्याची खरी लक्षणं गारठ्यातच कळतात. म्हणून विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी गुपचूप अर्धा तास इंजिन चालवून ठेवतो.

लग्नानंतर मी शहरात आले. बुधवार पेठेत आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. तिथे मी बसते आणि गिऱ्हाइकाशी गरजेपुरतंच बोलते. माणसं मला खडूस म्हणतात. म्हणोत.

वडील गेल्यावर दादानं मला एकदा सकाळीच बोलावून घेतलं आणि थेट रजिस्ट्री कचेरीत नेलं. हक्कसोडपत्र. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडते, असा कागद. मी वाचायला घेतला तर दादा म्हणाला, "वाचतीस काय त्यात? समद्या बहिणी सही करत्यात." केली सही. घरी जेवायला वाढलं, वहिनीनं हिरवी साडी नेसवली. पहिल्याच धुण्यात तिचा सगळा रंग बादलीत उतरला. मला जमीन नकोच होती, नुसतं नीट विचारायला हवं होतं, असं मी चारचौघांत सांगते. खोटं आहे ते. हवी होती मला जमीन. माझ्या बापाची होती.

मधे काही वर्षं गेली. दादा पुढे ज्या कंपनीत कामाला लागला होता, तिनं त्याला पन्नाशीत घरी बसवलं. त्यानं ठरवलं, जुना ट्रॅक्टर घ्यायचा, आपला ऊस सांभाळायचा आणि लोकांची नांगरट करून द्यायची. नवा त्याला झेपणार नव्हता. दुसरं काही हाताशी नव्हतं आणि त्या वयात कुणी कामावर ठेवणारही नव्हतं. लोणी काळभोरला एक ट्रॅक्टर त्याला पसंत पडला. मला फोन आला. "तुझा हात लागल्याबिगर मी घेत न्हाई."

तेव्हा आठवला बरं माझा हात!

थंडीचे दिवस होते. सकाळी आम्ही पोचलो तर अंगणात ट्रॅक्टर नुकता धुऊन ठेवलेला, मडगार्डवरून पाणी ठिबकतंय. मी दादाकडे बघितलं. "येतोय म्हणून कळवलं होतंस?"

"कळवायला नको? परक्याच्या दारात असं एकदम जायचं व्हय?"

काय बोलणार या शिष्टाचाराला! मालक हात जोडून पुढे आला, मला ताई ताई करत आत नेलं, पाणी दिलं. खिडकीतून दादा दिसत होता. ट्रॅक्टरभोवती फिरत होता, वाकून वाकून बघत होता. त्याला त्यातलं काय कळणार, म्हणून मी पेला खाली ठेवून बाहेर आले.

वरून सगळं गारेगार. मी बॉनेट उघडलं आणि ब्लॉकला उलटा हात लावला. टोपलीत झाकून ठेवलेल्या भाकरीइतका गरम. पाणी मारून वरचा पत्रा गार करता येतो, एवढा लोखंडाचा ठोकळा नाही. मालकाचं माझ्या तोंडाकडे लक्ष होतं. त्याला कळलं की मला कळलं.

"काय म्हंतो हात?" दादानं विचारलं.

मला ती बादली आठवली, हिरव्या पाण्याची. मी हात पदराला पुसला आणि म्हणाले, "गार आहे."

मालकानं सेल्फ मारला. अर्ध्या सेल्फला इंजिन धडधडायला लागलं. दादाचं तोंड असं फुललं की काय सांगू. मालकानं पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला.

त्याच दिवशी ट्रॅक्टर दादाच्या दारात आला आणि त्या रात्री मी मुद्दाम माहेरी राहिले. सकाळी ओट्याशी चहाचा कप घेऊन उभी राहिले आणि ऐकत राहिले. एक सेल्फ. दोन. पाच. नुसतं घुर्र घुर्र. मग पांढऱ्या धुराचा लोट घरात शिरला आणि इंजिन पुन्हा बंद पडलं. मला बरं वाटलं. लाज कशाला, मनापासून बरं वाटलं. त्या चहाची चव अजून आठवते.

दादा रोज संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावायचा, म्हणजे सकाळी ढकलून चालू करता यावा. पलीकडच्या नव्या सोसायटीतले लोक धुराच्या तक्रारी घेऊन दारात यायचे, तो हात जोडायचा. नांगरटीला बोलावणारे दोनचार शेतकरी वाट बघून दुसऱ्याकडे गेले. पावसाळ्याआधी मेकॅनिकनं इंजिन खोललं आणि म्हणाला, आत काही राहिलं नाही. तेव्हापासून ट्रॅक्टर गोठ्यामागे उभा आहे. दादा आता त्याच सोसायटीच्या गेटवर निळा शर्ट घालून बसतो आणि गाड्यांचे नंबर लिहून घेतो.

यंदा भाऊबीजेला मी गेले. पाट मांडला, त्याला ओवाळलं. ताटातला दिवा सरळ करत तो माझ्याकडे न बघता बोलला, "तू आत पानी पीत व्हतीस ना, तवा मी बी हात लावला व्हता इंजिनला. मला गरम लागलं."

मी ताट पाटाशेजारी ठेवलं.

"मंग तू म्हनालीस गार हाय. म्हनलं, आपला हात असला राठ, त्याला काय कळतंय? तुला आबांनी शिकवलंय." मग त्यानं वर बघितलं. "गार व्हतं ना गं?"

एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. विचारत होता, नीट विचारत होता.

"गारच होतं, दादा," मी म्हणाले.

"हां," तो म्हणाला. "गारच असंल." आणि नवी साडी माझ्या ताटात ठेवून तो ड्युटीवर गेला.