मामांची शेड आणि नवा उतार

आमचे मामा होड्या दुरुस्त करतात. दिवसभर शेडमध्ये, होडीच्या पोटाखाली उताणे पडून. फळ्यांच्या फटींत सुताचा पीळ ठोकायचा, वरून डांबर भरायचं. बोलणं कमी, आणि बोललेच तर होडीशी. मी त्यांच्याच घरात वाढले, म्हणून सांगते. माणसांशी भांडायला त्यांनी साठीनंतर सुरुवात केली, पण मग सगळी कसर भरून काढली.

निमित्त झालं उताराचं. होड्या पाण्यातून वर ओढायचा जुना दगडी उतार काढून तिथे रुंद, सिमेंटचा करायचं पालिकेने ठरवलं. इंजिनवाले खूश, कारण गाडीमागे होडी जोडून थेट पाण्यापर्यंत नेता येणार. वल्हेवाले नाखूश, कारण मग उतारावर इंजिनवाल्यांचंच राज्य होणार. आणि उताराच्या माथ्यावर मामांची शेड. रुंदी वाढली की ती जाणार, हे मामांनी स्वतःच ठरवून टाकलं. नकाशा पालिकेत लावला होता, पण शत्रूचा नकाशा बघायला मामा कशाला जातील? मामा वल्हेवाल्यांच्या गटात, आणि त्या गटातलंही कोणी गेलं नाही. शेड गेली तर मामा करणार काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. ताटावर बसले की मामा जेवायचंच विसरत.

त्यात इंजिनवाल्यांचे पुढारी कोण, तर मामांचे व्याही. इंजिनं दुरुस्त करतात, आवाजही तसाच. दोघांचं बोलणं बंद झालं. मुलीच्या बापाने आपणहून विचारायला का जावं, आणि मुलाच्या बापाने आपणहून सांगायला का यावं? बिचारी मामेबहीण दोन्ही घरांत चहाबरोबर टोमणे गिळत होती. आजवर उतारावर कोणाचीही होडी आली की सगळे दोराला हात लावायचे. आता ज्याची त्याची माणसं ज्याच्या त्याच्या होडीला.

उताराचा निकाल लावायला पालिकेने सभा बोलावली, त्या दिवशी दोन्ही गट झाडून उताराजवळच्या शाळेत जमले. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. भरतीची वेळ झाली, होड्या वर ओढायला हव्यात, हे सगळ्यांना माहीत, पण आधी उठेल तो हरला, म्हणून कोणी उठेना. मामा भाषणाला उभे राहिले, आणि उताराच्या पायथ्याशी बांधलेली व्याह्यांची होडी दगडांवर आपटताना त्यांना खिडकीतून दिसली. वाक्य अर्धं टाकून मामा पळाले. मागून सगळे.

कमरेइतक्या पाण्यात मामांनी दोर धरला आणि ओढायची हाक दिली. गटबिट विसरून सगळ्यांनी जोर लावला. होडी वर आली, आणि मामा शेवाळावरून घसरून सपशेल आडवे झाले. व्याह्यांनीच त्यांना काखेत हात घालून उठवलं.

"हा उतार खराबच आहे," मामा गुडघा चोळत म्हणाले. "करा नवा. पण माझी शेड पाडून नाही."

"शेड कोण पाडतंय?" व्याही म्हणाले. "शेडला हात लावायचा नाही, या अटीवरच तर मी हो म्हटलं. उतार पलीकडच्या अंगाने रुंद होतोय."

"मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मामा तिथेच ओल्या दगडावर बसले. रागवावं की हसावं त्यांना कळेना, आणि मग डोळेच भरून आले. मामेबहिणीने कपाळावर हात मारून घेतला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला; खोटं कशाला सांगू, दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

मामांनी डोळे पुसले आणि होडीच्या तडकलेल्या फळीवरून हात फिरवला.

"हिला शेडमध्ये घ्या," ते म्हणाले. "व्याही, तुम्ही पुढून धरा."