हौद न बघता घेतलेलं घर

पुण्यात आई चार वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहिली. लिफ्ट नव्हती. तिचे गुडघे असे, की खाली उतरायचं ते फक्त दवाखान्यासाठी. भाजीवाला खालून ओरडायचा, ही गॅलरीतून ओरडायची, आणि हिनं भाव करेस्तोवर तो पुढच्या बिल्डिंगपाशी पोचलेला असायचा. मी नवऱ्यापासून वेगळी झालेली, एका कंपनीत विम्याची कागदपत्रं तपासणारी बाई. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढ्यासाठी अर्धा पगार जायचा. वर सोसायटीच्या ग्रुपवर रोज नवा फतवा. कपडे बाहेर वाळवू नका, कुंड्या ठेवू नका, मोठ्यानं बोलू नका. आई म्हणायची, "श्वास घेतलेला चालतो का, विचारून घे बाई एकदा."

मग कंपनीनं घरूनच काम करा म्हणून सांगितलं, आणि माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. पगार पुण्याचा आणि राहायचं आपल्या गावात, काय वाईट? आमचं गाव म्हणजे संभाजीनगर. मी शिकले तिथं, लग्न होऊन गेले तीही तिथूनच. भाऊ पुण्यातच आहे. त्याच्या घरात त्याचे सासू-सासरे, त्यामुळं आई माझ्याकडं. तो म्हणाला, "तीन महिन्यांत परत येशील. काय आहे तिथं?" मला असा राग आला म्हणता! जिथं वाढलास, तिथं काय आहे म्हणून विचारतोस? त्याच दिवशी मी ठरवलं, आता तर जायचंच.

एक दिवस एकटीच येऊन घरं बघितली. पुंडलिकनगरातलं पटलं. तळमजला, दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, पुढं अंगण आणि बसायला ओटा. भाडं पुण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. मी काय कमी तपासलं का? मोबाइल हातात धरून कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहिले, रेंज बघितली. प्लगचे पॉइंट बघितले, दारांच्या कड्या बघितल्या, दोन्ही नळ सोडून बघितले. दोन्हींना चांगली धार. जागच्या जागी हो म्हणून टाकलं.

सामानाचा टेम्पो पुढं आणि आम्ही मागं गाडीत. नगर सोडल्यावर आईनं विचारलं, "पाणी कितव्या दिवशी येतं गं तिथं?"

"नळ आहेत की आई. दोन-दोन."

"नळ नाय विचारले मी. हौद केवढाय?"

हौद मी बघितलाच नव्हता. या शहरात पोरगंसुद्धा आधी पाण्याचा वार विचारतं, मग घराचं भाडं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, तेही तासभर. ज्याच्याकडं हौद त्याचं घर. आणि मी इथलीच असून ते विसरले. तेरा वर्षं तोटी फिरवली की पाणी, तेच डोक्यात बसलेलं. आईनं कपाळावर हात मारला आणि पार घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

घराला हौद नव्हता. त्या दिवशी बघितलेली धार म्हणजे आधीच्या भाडेकरूंनी गच्चीवरच्या छोट्या टाकीत सोडलेलं उरलंसुरलं पाणी. समोरच्या काकू बघायला आल्या. त्यांची शेती दौलताबादकडं, मुलगा इथं कंपनीत. म्हणाल्या, "अगं, पाणी कालच आलं की! आता आठव्या दिवशी." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी न विचारता दोन हंडे आणून ठेवले. हौद बांधू का म्हणून घरमालकाला फोन केला, तर तो परगावी. "अंगणात काय ठेवायचं ते ठेवा, पण फरशी फोडायची नाय," म्हणून मोकळा झाला.

प्यायला जार विकत आणत होते. बाकी सगळा वांधा. भांडी साचायला लागली. वरून ऊन असं, की दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय नाही. एकीकडं दहाची मीटिंग, दुसरीकडं काकूंकडून बादली आणायची. भावाचा फोन रोज. "पाणी-बिणी आहे ना?" मी म्हणायची, "भरपूर!" पण त्याला कुणकुण लागली असावी. म्हणाला, "तुझं जुनं घर अजून रिकामंय. मालक रविवारपर्यंत थांबतो म्हणतोय. बघ."

गुरुवारी मी हात टेकले. कसला हट्ट आणि कसलं काय! म्हाताऱ्या माणसाला पाण्यावाचून ठेवण्यापेक्षा तिसरा मजला बरा. जुन्या घराचं परत मिळालेलं डिपॉझिट तसंच खात्यात होतं, तेच पुन्हा भरायचं आणि जायचं. आईला सांगायला बाहेर आले. ती ओट्यावर सावलीत बसलेली. शेजारी सकाळी मी भरून दिलेला तांब्या. तसाच भरलेला. दुपारचे तीन वाजलेले, आणि तिच्या ओठांना भेगा.

"आई, पाणी का नाही पीत तू?"

"पिते की घोट-घोट."

"हा तांब्या सकाळचाय!"

ती म्हणाली, "पिलं की सारखं उठावं लागतं. संडासात बादली-बादली जाते. तू दमशील आन परत चला म्हणशील." पदरानं तोंड पुसत तिनं रस्त्याकडं बघितलं. "मला परत वर नको नेऊ गं. इथं भाजीवाली माझ्यापाशी येऊन बसती. काल शेपूची जुडी हातात घेऊन बघितली मी."

मला रडू फुटलं. राग आला तो स्वतःचा. चार वर्षं ही बाई वर बसून होती, आणि मी भाडं किती नि पार्किंग किती याचेच हिशोब घालत बसले.

चप्पल घातली आणि निघाले. डिपॉझिटचे सगळे पैसे काढले. घेता येईल तेवढी मोठी काळी टाकी घेतली, मोटर घेतली, पाइप घेतला. आता परत जायचं म्हटलं तरी पुण्यात भरायला काही उरलं नव्हतं. बरंच झालं! मोटर बसवायला आलेला प्लंबर घर बघून हसायला लागला. "बाजी, नल क्या देखे तुम? हौज देखना था ना. इधरकेच हो ना?"

"व्हय, इधरकीच," मी म्हटलं. "भूल गई थी. अब नै भूलती."

रविवारी साडेनऊला गल्लीत एकच गलका झाला. "आलं, आलं!" घराघरांतल्या मोटरी सुरू झाल्या. मी पाइप धरून टाकीपाशी, काकू त्यांच्या दारातून ओरडतायत, "आधी गढूळ येतं, ते सोडून दे!" आई काठी टेकत अंगणात आलेली, बादल्या, घागरी, पातेली, मिळेल ते माझ्या पुढं सरकवत होती. तेवढ्यात भावाचा फोन. माझे हात भिजलेले, म्हणून आईनं घेतला.

"ती कामात हाये. पाणी आलंय," ती म्हणाली. तिकडून तो काहीतरी बोलत राहिला. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "त्या मालकाला सांग, घर देऊन टाक म्हणावं दुसऱ्या कुणाला," म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ओट्यावरचा जारच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि उभ्याउभ्याच प्यायला लागली. घोट-घोट नाही. अख्खा तांब्या रिकामा केला, आणि पुन्हा भरून आण म्हणून माझ्यापुढं धरला.