रविवार दुपारचं मौन

आमच्या गल्लीत एकटं बसायची सोय नव्हती. लकडगंजात लाकडाच्या वखारींच्या मागे आमची घरं. कुणी ओट्यावर एकटं दिसलं की शेजारचं माणूस हातातलं काम टाकून यायचं, बाजूला टेकायचं आणि विचारायचं, "काहून, काय झालं?" काही झालेलं नसलं तरी बोलता बोलता काहीतरी निघायचंच. आमच्याकडे मेलेल्या माणसालासुद्धा एकटं ठेवत नाहीत, तिथे जिवंत माणसाला कोण ठेवणार.

अशा गल्लीत सत्तरच्या दशकात डेन्मार्कहून एक मुलगी राहायला आली. वय माझ्याएवढंच, बाविशीच्या आसपास. पोलिओ झालेल्या मुलांना व्यायाम शिकवायचं शिक्षण तिने घेतलं होतं आणि दोन वर्षं बिनपगारी काम करायला ती नागपूरला आली होती. जवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात तिचं काम, आणि आमच्या समोरच्या घरात गच्चीवरची खोली भाड्याने. मी नुकतीच बी.ए. झाले होते, इंग्रजी बरं होतं, म्हणून दवाखान्याने दुभाषी म्हणून मला ठेवून घेतलं. गल्लीने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव गोरीताई करून टाकलं.

काम तिला उत्तम येत होतं. घरमालकाची सागवानाची वखार होती. तिथून तिने दोन गुळगुळीत दांडे करून घेतले आणि दवाखान्याच्या वऱ्हांड्यात समोरासमोर बसवले. मुलांनी दोन्ही हातांनी ते धरायचे आणि उभं राहायचं. उमरेड, कुही, कुठून कुठून बाया लेकरं कडेवर घेऊन यायच्या. लेकरू जरा डगमगलं की आई झडप घालून उचलायची. मराठीतला पहिला शब्द गोरीताई शिकली तो "सोडा". दिवसभर तिचं तेच चालायचं. "सोडा, आई, सोडा." आया माझ्याकडे बघायच्या. मी सांगायचे, "पडलं तर पडू द्या, ती हाये ना." तिने कुणालाच पडू दिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

तिच्या रिकाम्या वेळाचं मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून वाटोळं केलं. रविवारी दवाखाना बंद. तिला वाटायचं गच्चीवर बसावं, घरी पत्र लिहावं, चित्रं काढावीत. पण ती गच्चीवर एकटी दिसली की मालकीणबाईंचा जीव खालीवर व्हायचा. "परक्या मुलखातली पोरगी, एकटी बसून राहिली," म्हणत त्या सुनेला वर पाठवायच्या. सून जाऊन तिच्या खाटेवर बसायची. मग माझी आई मला पोह्यांची ताटली घेऊन पिटाळायची. मग आणखी दोघीतिघी. "जेवली का? काय जेवली? आईची आठवण येते का?" एकदा ती सायकलवर टांग मारून अंबाझरी तलावावर गेली, तर मालकीणबाईंनी वखारीतल्या मुनीमजींना मागोमाग धाडलं. ते बिचारे भर उन्हात छत्री उघडून तिच्यापासून जरा अंतरावर बसून राहिले. ती उठली तेव्हाच उठले.

असे काही महिने गेले आणि एका शनिवारी दवाखाना आवरताना ती मला म्हणाली, "मी परत जायचा विचार करतेय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मुलं आत्ता कुठे उभी राहायला लागली आहेत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि औषध लिहून जातात. तू गेलीस तर हे दांडे वाळवणं टाकायच्या कामाला येतील.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात की मला रडायलासुद्धा जागा नाही. मला आठवड्यात एक दुपार माझी पाहिजे. फक्त एक. ती मिळाली तर मी राहीन."

हे समजावून सांगायला मालकीणबाईंकडे जाण्यात अर्थ नव्हता. तिला एकटं राहायला आवडतं, असं सांगितलं असतं तर त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं असतं, किंवा लग्नाचं बघायला घेतलं असतं. रात्रभर मी विचार केला आणि सकाळी उठून सरळ खोटं बोलले. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

मालकीणबाई चातुर्मासात मौन धरून जेवायच्या. ताटावर बसल्या की शब्द नाही, भाजी हवी तर बोट, नको तर हात. घरातल्या कुणाची तेव्हा त्यांच्याशी बोलायची छाती नव्हती. मी त्यांना म्हटलं, "काकू, तिचं रविवारी दुपारी मौन असते. त्यांच्याकडचा नेम आहे. लाजेपायी ती सांगत नाही."

मालकीणबाईंचा चेहरा पडला. "माय वं. आणि आमी दर रविवारी तिचं मौन मोडून राहिलो? तुनं आधी काहून नाही सांगितलं?" मग त्यांनी विचारलं, "मौनात ती काम करते का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी म्हटलं, "नाही. हातात काम घ्यायचं नाही, असाच नेम आहे."

त्या दुपारी गच्चीवर कुणीही गेलं नाही. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा तिच्या बोटांना रंग लागला होता आणि ती गुणगुणत होती. पुढच्या रविवारी जिन्याच्या वरच्या पायरीवर कुणीतरी संत्री आणून ठेवली. व्रतस्थ माणसाला फळं द्यायचीच. तिथवर ठीक होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मी माझ्या माडीवरच्या खिडकीतून पाहिलं, तर मालकीणबाईंची सून गच्चीवर, भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली. मी तरातरा वर गेले. एवढं खोटं बोलून मिळवलेली दुपार हिने पुन्हा नासवली म्हणून मला भयंकर राग आला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

या सुनेचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मी तिला बसलेली पाहिली नव्हती. स्वयंपाक, धुणं, वखारीतल्या माणसांचा चहा, सासऱ्यांचं पथ्य, आणि पुन्हा स्वयंपाक. ती हसतमुख होती म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं, माझ्यासुद्धा नाही. आता तिचे हात मांडीवर उताणे पडले होते.

गोरीताई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला चित्र काढत होती. मी खुणेने विचारलं, हिला नेऊ का? तिने नको म्हणून मान हलवली आणि पुन्हा कागदाकडे वळली. संध्याकाळी मला म्हणाली, "ती माझ्याकडे बघत नाही. मला काही विचारत नाही. अशी ती चालेल मला." परत जायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मग बाया वाढल्या. गोरीताईच्या मौनात बसलं की पुण्य लागतं, असं कुणीतरी उठवलं. ते मी नाही, पण मी खोडूनही काढलं नाही. माझी आईसुद्धा जायला लागली. सगळ्या गोरीताईकडे पाठ करून भिंतीलगत बसायच्या, कुणी आडवी व्हायची, कुणी चक्क घोरायची. टीव्ही आमच्या भागात अजून आला नव्हता, त्यामुळे खाली पुरुषमंडळी चहाविना एकमेकांची तोंडं बघत बसायची. मालक जिन्याखाली उभे राहून सुनेला हाक मारायचे, तर मालकीणबाई त्यांना दटावायच्या, "बोंबलू नका. गोरीताईचं मौन चालू हाये वरती."

दोन वर्षं संपली. दांड्यांना धरून उभी राहणारी मुलं कुबड्या घेऊन चालायला लागली, आणि दोन मुली कुबड्यांशिवाय. दवाखान्यात तिच्या जागी तिनेच शिकवलेली एक नर्स आली. स्टेशनवर आम्ही सगळ्याजणी रडलो, तीही रडली. या वेळी तिला रडायला वेगळी जागा हवी होती असं वाटलं नाही.

ती गेली त्याच शनिवारी संध्याकाळी सून आमच्या ओट्यावर आली. कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "आता उद्याचं काय वं? आमी कोणाच्या नावानं बसाव?"

मी म्हटलं, "माझ्या."

"तू तर लग्न होऊन चालली जाशीन."

"मग तू तुझ्या नावानं बस."

ती हसली. "माह्या नावानं मले कोण बसू देईन?" म्हणाली आणि चुलीवर दूध आहे म्हणून निघून गेली.

रविवारी दुपारी मी खिडकीत उभी राहिले. गोरीताईच्या खोलीला कुलूप होतं. गच्ची बराच वेळ रिकामीच होती. मग सून जिना चढून आली, इकडे तिकडे न बघता भिंतीपाशी गेली आणि बसली. एकटीच. बाकीच्या काय होतंय ते बघत आपापल्या दारात उभ्या होत्या.

थोड्या वेळाने मालकांनी खालून हाक मारली. चहा पाहिजे होता. सून हलली नाही, पण तिने पदर घट्ट धरलेला मला खिडकीतून दिसत होता. मालकांनी दुसरी हाक मारली, जरा चढ्या आवाजात. मग मालकीणबाई अंगणात आल्या. त्यांनी मान वर करून कुलूप लावलेल्या खोलीकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या सुनेकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलावतात खाली.

"ओरडू नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माह्या सुनेचं मौन हाये." आणि चहा ठेवायला स्वतः आत गेल्या.