नसलेल्या टँकरची रांग

त्या दुष्काळात आमच्या गावात सगळ्यांत जास्त बोललं गेलं ते एका टँकरविषयी. त्याच्यात दोष एकच होता: तो नव्हता. आम्हाला मात्र हे फार उशिरा कळलं.

गाव निलंग्याच्या पलीकडचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी तिथं कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो. सर सांगत, ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, त्याच्याविषयी जे सांगायचं ते विधेय. सुट्टीत घरी आलो तर अख्खं गाव विधेयांत बुडालेलं. टँकर उशिरा येतो. टँकर गढूळ आणतो. ड्रायव्हर वरच्या आळीचा मिंधा हाय. मारुतीच्या पाराशी घागरींची रांग, आणि पहिल्या जागेवरून रोज भांडण.

पहिली घागर आमची. ताई बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. आई ती जागा सोडेना.

"तुझी घागर म्होरं सरकली कशी गं?" शेजारची काकू विचारायची.

"पाय फुटले आसतील. तुझ्या जिभेला फुटले तसे," आई म्हणायची.

शेवटी चुलते मला घेऊन लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत गेले. भिंतींचा रंग ओला, माठ कोरडा. दुपारभर ताटकळलो. कारकूनही आमच्याइतकाच दमलेला.

"टँकर लई उशिरा यायलाय, सायेब," चुलते म्हणाले.

"कुठला टँकर?"

"आमचा."

"मामा, तुमच्या गावाला टँकरच नाही. जुन्या जिल्ह्याचा होता, तो बंद झाला. इथं अजून कुणी मागितलाच नाही. नाही तो उशिरा कसा येईल?"

मी तर खुर्चीतून उडालोच! सरांनी घातलेलं कोडं समोर उभं: उद्देश्यच नसेल, तर विधेय खरं म्हणावं की खोटं? चुलत्यांनी असं पाहिलं की हसू गिळावं लागलं.

"मग आधी टँकर हाय आसं करा," ते कारकुनाला म्हणाले. "उशिराचं मागून बघू."

मागणी नोंदवली. मंजुरीला वेळ लागणार होता.

संध्याकाळी पारावर चढून मी दवंडीच्या थाटात सांगितलं, टँकर नाही! सगळ्यांनी ऐकलं. घागर कुणीच उचलली नाही. "आज न्हाई म्हंतंय," काकू म्हणाली आणि आपली घागर आमच्या घागरीला आणखी चिकटवली.

आईनं घरातून दुसऱ्या दोन घागरी आणल्या, एक माझ्या हातात दिली. ओढ्यापलीकडच्या विहिरीच्या तळाला अजून थोडं पाणी होतं.

"आणि रांगेतली ती?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे तिथंच. चल लवकर. ताईला दुपारपासून कळा यायल्यात."