पायाच्या दोऱ्यावरून नवरदेवाची उंची

माझं लग्न ठरलं तेव्हा मी अठरा वर्षं ओलांडली होती. आमच्या डोंगरकडा गावात त्या काळी एवढं थांबलेली मुलगी दुसरी नव्हती. नवरा मुलगा साखरा गावचा. वडील, काका, मामा सगळे त्याला बघून आले, पण मी काही त्याला पाहिलं नव्हतं, आणि कसा आहे म्हणून विचारायची सोयही नव्हती.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना वडील साखऱ्याहून नवरदेवाची मापं घेऊन आले. माप म्हणजे दोरे. मुलाच्या बहिणीनं सुताचे चार दोरे गाठी मारून दिले होते: एक छातीचा, एक कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हाताचा, एक पावलाचा आणि सर्वांत लांब तो उंचीचा. ओट्यावर शिंपीकाका वसमतहून आणलेलं कोटाचं कापड घेऊन बसलेच होते. वडिलांनी मुंडाशातून दोरे काढले. तीनच निघाले.

वडिलांनी पायाकडं पाहिलं. कयाधू नदीच्या वाळूत त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला होता. वाळू तापलेली, म्हणून हाताला आला तो दोरा काढून त्यांनी वहाण बांधली होती. तो उंचीचा होता. चालून चालून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"परत जाऊन येतो," वडील म्हणाले.

"अन् त्यांना काय सांगाल? नवरदेवाची उंची पायाखाली तुडवली म्हणून?" आई आतून बोलली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

शिंपीकाका म्हणाले, "मी अंदाजानं कापतो."

"अंदाजानं न्हाई. कापड एकच हाये," वडील म्हणाले.

त्या आठवड्यात आमच्या रानात एका धनगराची मेंढरं खतासाठी बसायला होती. त्याची आई रोज सकाळी ताकाला आमच्या घरी यायची. सत्तरीची, काटक, कमी बोलणारी. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"दादा," ती वडिलांना म्हणाली, "पायाचा दोरा हाये ना? हाताचा बी हाये. मंग उंची काहून गेली?"

कुणाला काही कळलं नाही. म्हातारीनं ताकाचा गडू खाली ठेवला, पायाचा दोरा घेतला आणि भिंतीशी गेली. जमिनीपासून एकावर एक सहा वेळा तो दोरा तिनं भिंतीला लावला, मग दोरा दुमडून अर्धा, आणि वर एक बोट. तिथं कोळशानं रेघ मारली. नंतर हाताचा दोरा घेतला. तीन वेळा लावला, मग अर्धा.

"साडेतीन हात म्हनत्यात समदे. पर उभ्या मानसाला वर चार बोटं जास्तीची भरत्यात," असं म्हणून तिनं चार बोटं धरली.

दुसरी रेघ पहिलीच्या इतकी जवळ आली की मधून सुई जेमतेम गेली असती.

शिंपीकाका हसले. "मावशे, असा कुठं कोट शिवत असत्यात का?"

ती चिडली नाही. तिनं वडिलांना अंगणातल्या ओल्या मातीवर पाय ठेवायला लावला. उमटलेलं पाऊल काडीनं मोजलं, भिंतीवर रेघ मारली आणि त्यांना तिथं उभं केलं. रेघ बरोबर डोक्याला टेकली. आईचंही तसंच जुळलं. मग तिनं शिंपीकाकांचं पाऊल घेतलं. त्यांची रेघ मात्र त्यांच्या डोक्याच्या दोन बोटं वर गेली.

"चुकलं की!" काका म्हणाले.

म्हातारी त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. "चुकलं न्हाई. तुमी तेवढेच व्हता. वाकून शिवून शिवून दोन बोटं गेली."

काकांनी पाठ सरळ करून पाहिली. मग त्यांनी कात्री उचलली आणि कोळशाच्या रेघेवरून कोटाची लांबी धरली.

सगळे पांगल्यावर मी त्या भिंतीपाशी गेले. ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा तो एवढा, इथपर्यंत. माझ्या डोक्यापासून ती रेघ चांगली वीतभर वर होती. रेघेखाली पाच-सहा बोटं सोडून त्याचे डोळे असतील असा मी हिशोब केला आणि तिथं मान वर करून पाहिलं. भिंतच ती, सारवलेली. पण मी पदर नीट केला. एका पावलात अख्खा माणूस मावतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या तळव्याकडं पाहिलं, बोटांकडं पाहिलं. माझी उंचीही तिथंच कुठंतरी लिहिलेली होती, आणि मी रोज त्याच हातानं भाकरी थापत होते.

लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा मी जिथं पाहिलं तिथंच त्यांचे डोळे होते. कोट गुडघ्यावर जिथं यायचा तिथंच आला. शिंपीकाका मांडवात सगळ्यांना सांगत होते, पण आपलं कसब म्हणून नाही. त्या म्हातारीचं म्हणून सांगत होते.

दुसऱ्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगी झाली. त्या धनगराची मेंढरं पुन्हा आमच्या रानात आली होती. म्हातारी बाळ बघायला आली तेव्हा मी दोरा काढूनच ठेवला होता.

"आजी, हिची उंची सांगा ना. मोठेपणी केवढी होईल?"

तिनं दोरा बाजूला सारला. "लेकराचं माप लागत न्हाई, बाई. त्याचं पाऊल साडेसहा येळा लावलं तर आताची उंची बी नीट भरत न्हाई, मोठेपनाची कुठली? माज्या आठ लेकरांचं लावून पाह्यलं मी. एकाचं बी जमलं न्हाई."

"मग कधी जमतं?"

"वाढ सरली की."

मग तिनं बाळाचा पाय आपल्या तळहातावर घेतला. तो तिच्या चार बोटांएवढा होता. माणसांच्या उंच्या भिंतीवर मांडणारी ती बाई त्या पायाकडं बघत बसली. ताक घ्यायचंही ती विसरली. मी हाक मारली तरी तिचं लक्ष नव्हतं. बाळानं पाय झाडला तसा तिनं तो पुन्हा अलगद धरला.

"केवढी व्हईल कुनास ठाऊक," ती म्हणाली.

हे म्हणताना ती इतकी खूश दिसत होती की मला दोऱ्याची आठवणच राहिली नाही.