पाठीला पाठ

कडक मावशीच्या हातची इस्त्री म्हणजे काय विचारता! तिने घडी घातलेला शर्ट टेबलावर उभा राहतो, असं गल्लीत म्हणत. नाव पडलं ते त्यावरून, पण जीभही काही कमी नव्हती. गिऱ्हाईक "आजच हवेत" म्हणालं, की "मग काल आणायचे होते" हे ठरलेलं.

अशी ही बाई, रविवारी परदेशातून मुलाचा फोन आला की भिजलेलं मांजर व्हायची. सून तिकडची, नात तिकडचीच. पोरगी पडद्यावर येऊन इंग्रजीत भराभरा काहीबाही विचारी आणि मावशी आपली "येस, येस" करी. एकदा पोरीने विचारलं, आजी तू आजारी आहेस का? मावशी म्हणाली, "येस, येस." मुलगा घाबरून फोनवर आला. आता "मला कळलंच नाही" असं कडक मावशी कशी म्हणेल? म्हणाली, गुडघे धरलेत रे. झालं! तेव्हापासून मुलगा "ये" म्हणाला, की मावशीचे गुडघे दुखायला लागत. एरवी दिवसभर इस्त्रीपुढे उभी असे ती, खुर्चीसुद्धा नको म्हणायची.

शेवटी धाकट्या जावेने तिला संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात ओढून नेलं. जाऊ चांगली शिकलेली, नटवी, बोलायला पुढे. तिला तिकडे जायची भारी हौस, पण बोलावणार कोण!

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत. तिथल्या मॅडमची तऱ्हाच न्यारी. त्या दोन-दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवत. म्हणत, समोर तोंड दिसलं की माणूस चुकायला घाबरतं, मग पाहूच नका. फोनवर बोलतो तसं बोला. हसायचं नाही, चूक काढायची नाही, आणि खुर्चीतली गोष्ट खुर्चीत राहील. आणखी एक सांगत, जे खरं असेल तेच बोला, खऱ्याला शब्द लवकर सापडतात.

जाऊ नात व्हायची, मावशी आजी. पहिले काही दिवस नुसतं "हॅलो" आणि खोकला. मग हळूहळू जमू लागलं. एका संध्याकाळी जावेने नात होऊन विचारलं, आजी, तू येत का नाहीस? याचं खरं उत्तर मावशी मराठीत मेली तरी बोलली नसती. पण परक्या भाषेत जणू दुसरीच कुणी बाई बोलत होती.

"माय नीज आर गुड," ती म्हणाली. "आय ॲम अफ्रेड. देअर, नोबडी विल टॉक टू मी."

गुडघे ठणठणीत आहेत, तिकडे माझ्याशी कोण बोलणार याची भीती वाटते, एवढंच. पण मावशीला अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. मागून जाऊ "व्हेरी गुड, ताई" म्हणाली. तिचं तोंड काही मावशीला दिसलं नाही.

पुढच्या रविवारी फोनवर मुलाचा आवाज इस्त्री गार पडल्यासारखा. "आई, गुडघे बरे आहेत म्हणे तुझे. काकीने सांगितलं. यायचंच नव्हतं तर तसं बोलायचंस. काकी येतेय आता, तिचं तिकीट काढलंय."

मावशीच्या हाताखालचा शर्ट जळायला लागला, तेव्हा कुठे तिने इस्त्री उचलली. मग नात आली. तिने इंग्रजीत विचारलं, आजी, तू खोटं बोललीस? मावशीने या खेपेला "येस, येस" केलं नाही. एकदाच "येस" म्हणाली आणि राहिलेलं अर्धं, भीतीचं, तिने स्वतःच सांगितलं. अडखळली, पण थांबली नाही. पोरगी पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, पण आपण आत्ता बोलतोय की. मावशीला त्यातला शब्दन् शब्द कळला. तिकीट मात्र जावेचंच राहिलं.

वर्गात जावेने नेहमीसारख्या पाठीला पाठ लावून खुर्च्या मांडल्या. मावशीने आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि जावेच्या समोर आणून ठेवली.

"ताई, असं नसतं बसायचं," जाऊ म्हणाली.

"माहीत आहे," मावशी म्हणाली. "गुडघ्यांचं सांगितलंस. भीतीचं का नाही सांगितलंस?"

जाऊ मॅडमकडे पाहू लागली. मॅडम फळा पुसत होत्या.

"बोल," मावशी म्हणाली. "इंग्रजीत बोल हवं तर. मला कळतं आता."

वर्गात सगळ्यांच्या पुढे बोलणारी जाऊ. तिच्या तोंडून ना ती भाषा फुटली ना ही. मावशी मांडीवर हात ठेवून वाट पाहत बसली. आजूबाजूच्या जोड्यांचं "हॅलो, हॅलो" चाललंच होतं.