सात दिवसांचा स्लॅब

हर्सूलच्या बाजूला एका शाळेची इमारत बांधत होतो, तेव्हा कामाचा तक्ता माझ्याकडे होता. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात भिंतीवर मोठा कागद लावलेला. वरच्या ओळीत कोणतं काम कधी व्हायला हवं ते, खालच्या ओळीत खरंच कधी झालं ते. वेळेत झालं तर चौकोन हिरवा, मागं पडलं तर लाल. दर शनिवारी मी त्याचा फोटो साइटच्या ग्रुपवर टाकायची आणि लगेच कंपनीच्या साहेबांचा फोन यायचा. साहेबांना फक्त लाल दिसायचं. कारण सांगायला लागलं की म्हणायचे, "मॅडम, रडगाणं नको."

पहिल्या मजल्याचा स्लॅब पाण्यावाचून अडला. या शहरात प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं काँक्रीटला कोण विचारतो! टँकरवाला रोज "उद्या पक्कं" म्हणायचा. मला कायम करायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. शनिवार आला आणि मी न भरलेल्या स्लॅबच्या खालच्या ओळीत ठरलेलीच तारीख लिहून चौकोन हिरवा करून टाकला. दोन दिवसांत भरूच, झाकली मूठ सव्वा लाखाची! प्रत्यक्षात तो ठरल्या दिवसानंतर बरोबर एका आठवड्यानं भरला. स्लॅब भरला की खांबावर रंगानं तारीख लिहितात. ती मी लिहू दिली नाही. नंतर लिहू म्हटलं.

स्लॅबखालच्या प्लेटा आणि लोखंडी टेकू लावणारे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, ते तेव्हा साइटवर नव्हते. त्यांचं काम उरकून ते मुलीच्या लग्नाला वैजापूरला गेले होते. ग्रुपवर तेही आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गेटवर स्कूटी लावत होते, तर आतून हातोड्याचे ठोके ऐकू आले. लोखंडावर लोखंड. स्लॅबच्या लांब बीमखालचे टेकू काँक्रीट पक्कं होईपर्यंत, चौदा दिवस, हलवायचे नव्हते आणि स्लॅब भरून सातच दिवस झाले होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्कूटी तशीच आडवी टाकून मी धावले.

आत चाचा आणि तीन माणसं. कोपऱ्यातले पाच टेकू काढून खाली ठेवलेले आणि चाचांचा हातोडा बीमखालच्या टेकूवर उगारलेला.

"थांबा! सातच दिवस झालेत!"

हातोडा तसाच राहिला. "मॅडम, ग्रुपवर तर चौदा झालेत. तुमच्याच कागदावर हाय."

"तो कागद खोटा आहे, चाचा. मी खोटा भरलाय."

चाचांनी हातोडा खाली ठेवला. माणसांना हळू आवाजात म्हणाले, "बाहर निकलो. पळू नका." मी आत पाऊल टाकलं तर नुसता हात वर केला. "तुमी तिथंच थांबा."

मग एकटेच एकेक टेकू पुन्हा उभा करून खालून आवळत गेले. पाच टेकू. मी बीमवरून नजर काढत नव्हते. स्क्रू करकरला की मला भेगच दिसायची. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाहेर येऊन त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "पोरीच्या वलीम्याचं जेवण सोडून आलो, मॅडम. म्हनलं चौदा झाले, प्लेटा वरच्या मजल्याला लागतील. आपल्यापायी काम अडायला नको."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच तासाला मी खांबावर रंगानं खरी तारीख लिहिली, चौकोन लाल केला आणि फोटो ग्रुपवर टाकला. साहेबांचा फोन आलाच. "रडगाणं नाही, साहेब, तारीख सांगते," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. ते खूप वेळ ओरडले. कायम व्हायचं लांबलं, आणि ते योग्यच होतं.

खऱ्या चौदा दिवसांनंतर चाचा हातोडा घेऊन आले. खांबावर माझ्याच हातची तारीख ठळक दिसत होती. त्यांनी ती बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, खरंच झाले का चौदा?"

"झाले."

ते जागचे हलले नाहीत. मी हेल्मेट घातलं आणि त्यांच्या आधी आत गेले. मागून ते आले. पहिला टेकू निघाला तेव्हा मी बीमखालीच उभी होते.